अकोल्याला भाग जात नाही

मे महिन्यात अकोल्यात दुपारी बारा ते पाच माणसाला दोनच कामं करता येतात. एक, कूलरसमोर पडून राहणं; दुसरं, कूलरमध्ये पाणी टाकायला उठणं. वीज गेली की दोन्ही कामं सुटतात आणि माणूस विचार करू लागतो. वऱ्हाडातले बरेचसे घरगुती तंटे अशाच विचारांतून निघालेले आहेत. हाही त्यातलाच.

पुतणीचं लग्न ठरलं होतं. पत्रिकांवर पत्ते घालण्याचं काम माझ्याकडे आलं. ज्याला दुसरं काहीच जमत नाही त्याला ‘तुमचं अक्षर चांगलं आहे’ असं सांगून बसवायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. पत्रिका हल्ली फोनवर पाठवतात हे मलाही ठाऊक आहे. पण फोनवरची पत्रिका ‘बघितलीच नाही’ असं सांगता येतं आणि टपालाने आलेलीला हळदकुंकू लावलेलं असतं, त्यामुळे तसं सांगता येत नाही, असं आमच्या वहिनींचं मत. तेव्हा पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी कुलदैवताला आणि तिसरीपासून पुढे मी.

साठ-सत्तर पाकिटांवर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ४४४००१, ४४४००१ असं लिहीत गेलो. एखादा शब्द पन्नासदा लिहिला की तो परका वाटू लागतो. आकड्याचं उलट होतं, त्याच्याशी ओळख वाढते. तीन चौके, दोन शून्यं, शेवटी एक. ज्या गावचा पारा ४४ च्या पुढे जायला लाजत नाही, त्याला पिनकोडही ४४४ ने सुरू होणारा मिळावा, यात टपाल खात्याची योजना होती की सूर्याची, कोण जाणे. वीज अजून आली नव्हती. सहज मनात आलं, याला कशाने भाग जात असेल?

माणूस घसरतो तो असाच, सहज.

दोनाने जात नाही, हे शेंबड्या पोरालाही दिसेल. अंकांची बेरीज तेरा, म्हणजे तिनाने नाही. पाचाने नाही. साताने करून पाहिलं, बाकी पाच. अकराने बाकी आठ. तेराने बारा, सतराने पुन्हा बारा. एकोणिसाने नऊ, तेविसाने पुन्हा नऊ. इथवर एका पाकिटाची पाठ पुरली. ते पाकीट वरपक्षाच्या आत्याबाईंचं निघालं आणि वहिनींच्या आवाजाची पट्टी ऐकून मी कागद-पेन घेऊन अंगणात कडुनिंबाखाली गेलो.

तिथे शेजारचे मास्तर बसलेले असतात. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी ज्यांना अजून पाठ आहेत अशा शेवटच्या पिढीतले. साडेतीनाच्या पाढ्याला औटकी म्हणतात हे माहीत असणारा माणूस आता डोंगर फोडूनही सापडायचा नाही. त्यांनी माझा कागद ओढून घेतला.

“कुठवर जासान भाऊ?”

“सहा आकडी संख्या आहे सर. लांबवर जावं लागेल.”

“कायले? ६६६ वर थांबायचं.”

“ते का?”

“अवयव म्हंजे चोरायची जोडी असते. दोघंही ६६७ नाईतं त्याच्या वरचे असले, तं गुणाकार ४,४४,८८९ च्या खाली येतच नाई. आपली रक्कम तं त्याहून लहानी हाय. म्हंजे जोडीतला एक तरी ६६६ च्या आत लपला पायजे. लहाना सापडला का मोठा आपोआप सापडते. लहाना नाईच सापडला, तं चोरीच झाली नाई.”

एवढा सोपा पुरावा मला शाळेत कुणी सांगितला असता तर आज मी पत्रिकांवर पत्ते घालत नसतो. ६६६ पर्यंत मूळ संख्या १२१ आहेत. माझ्या नऊ झाल्या होत्या, ११२ उरल्या होत्या. मी खिशातून फोन काढला. घरात तूप असताना डालडा मागणाऱ्याकडे पाहावं तसं मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. फोन खिशात गेला.

चार दुपारी आम्ही भागाकार केले. सदतीस आला तेव्हा मास्तर थबकले. १११ ला सदतिसाने भाग जातो, म्हणून ४४४ ला जातो, बारा वेळा. म्हणून ४४४००० लाही जातो, आणि आपल्या संख्येत बाकी राहतो एक. “सदतीस म्हंजे कोन, सांगा?” मला कळेना. “एमएच-३७! वाशीमची गाडी नाई पायली का?” मग लक्षात आलं. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि वाशीम वेगळा निघाला. अकोल्याला वाशीमने भागलं, बाकी एक राहिला. तो एक म्हणजे आपण. प्रशासनाने जे १९९८ मध्ये केलं ते पिनकोडाने आधीच मांडून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ६६१ ने भागलं, बाकी ४७०. मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. “मूळ हाय.” बारशाला नाव जाहीर करावं तसं त्यांनी ते सांगितलं.

मला भरून आलं. पन्नाशी उलटल्यावर माणसाला आपल्या गावाबद्दल नवीन काही कळावं आणि त्यात खड्डा, पाणी किंवा धूळ यांपैकी काहीच नसावं, हे भाग्य रोज मिळत नाही. अकोल्याला भाग जात नाही! पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृतचे कवी. त्यांनी असं एक विलोमकाव्य लिहिलं की सरळ वाचलं तर रामाची स्तुती आणि उलट वाचलं तर कृष्णाची. त्यांची पद्धत मी आमच्या पिनला लावून पाहिली. उलट वाचला तर १००४४४ होतो, आणि त्याला दोनानेही भाग जातो, चारानेही. तात्पर्य, अकोला ज्या बाजूने यायचं त्याच बाजूने आलेलं बरं.

एकदा चटक लागली की माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पिनकोडांकडेही वाकून पाहू लागतो. मुंबईचा ४००००१ घेतला. साताने भाग गेला, उत्तर ५७१४३. सात बेटांच्या शहराला साताने भाग जावा, याला म्हणतात हिशेब. नागपूरचा ४४०००१, अंकांची बेरीज नऊ आणि नवानेच भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो त्या संख्येला देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं आहे, म्हणजे हर्ष देणारी. १९५६ मध्ये राजधानीपण गेल्यावर नागपूरला हर्षाचं हेच एक निमित्त उरलं असावं. बुलढाण्याला तिनाने भाग जातो. वाशीमचा ४४४५०५ पाचावर संपतो, तिथे कष्टच नाहीत.

मग अमरावतीची पाळी आली. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि पेन हळू चालवलं. बायकोचं माहेर अमरावतीचं आहे.

४४४६०१. तिनाने नाही. सात, अकरा, दोन्ही नाही. तेराने बाकी एक, माझ्या छातीत धडधड. सतराने... गेला! पुरता गेला, शेंडी न ठेवता गेला. सतरा गुणिले २६१५३. आणि मला उमगलं की यात नवल काही नाही. विभागीय आयुक्त बसतात अमरावतीला. अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम, सगळे अमरावती विभागात. आमच्या प्रत्येक मोठ्या कागदाला ‘विभागा’कडे जाऊन यावं लागतं. ज्यांच्या नावातच विभाग, त्यांच्या पिनला भाग जाणारच. आम्ही त्यांच्या विभागात असूनही अविभाज्य!

हे मी रात्री जेवताना जाहीर केलं. बायकोने पोळी वाढता वाढता शांतपणे विचारलं, “मग अकोल्याला भाग जातो तरी कशाने?”

“एकाने. नाहीतर त्याने स्वतः.”

“म्हणजे एकटंच आहे नं बिचारं. आमच्या अमरावतीला निदान दोघं तरी आहेत, एक लहान, एक मोठं. तुमच्या अकोल्याचं जगात कोणाशीच जमत नाही, त्याचा एवढा डंका?”

मुलगा भातात हसला. ठसका लागला म्हणून पाणी मागितलं त्याने, पण मला कळलं.

घरात कदर नाही म्हटल्यावर माणूस पानठेल्यावर जातो. तिथे सातआठ जण खर्रा घोटून घेत उभे होते. मी म्हणालो, “अकोल्याचा पिनकोड मूळ संख्या आहे.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, “मंग आता काय करा लागते? फॉर्म भरा लागते का?”

दुसरा म्हणाला, “मंग नळ रोज येईन का?”

मी म्हटलं, तसं काही नाही, ही नुसती जाणून घ्यायची गोष्ट आहे. “अस्सं,” म्हणून त्याने पिंक टाकली. मूळ संख्यांच्या गणिताचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मी मात्र पिच्छा सोडला नाही. ठेल्यासमोर उभ्या गाड्यांकडे बोट दाखवून सांगितलं, आपल्या वऱ्हाडात आकड्यांची खाणच आहे. अमरावती २७, म्हणजे तिनाचा घन. बुलढाणा २८: याचे लहान अवयव एक, दोन, चार, सात आणि चौदा, त्यांची बेरीज पुन्हा २८. अशीला परिपूर्ण संख्या म्हणतात, आणि दोन आकड्यांत ती ही एकटीच. यवतमाळ २९, मूळ. अकोला ३०, म्हणजे दोन, तीन आणि पाच यांचा गुणाकार. तेव्हा पत्त्याने आम्ही अविभाज्य, पण गाडीवर बसलो की ज्याला त्याला भाग द्यायला मोकळे. निवडणुकीच्या वेळी अकोल्यात जे दिसतं ते हेच.

तेवढ्यात एक पोरगा नवी कोरी मोटारसायकल घेऊन आला. नंबर ७७७७. हा चॉइस नंबर त्याने बापाच्या एका हंगामाच्या कापसाला शोभेल अशा किमतीला घेतला होता, हे त्याने न विचारता सांगितलं. मला कापरेकर पुन्हा आठवले. जन्म डहाणूचा, १९०५ चा. देवळालीच्या शाळेत पोरांना शिकवून उरलेला सगळा वेळ त्यांनी आकड्यांशी खेळण्यात घालवला. १९४९ मध्ये त्यांनी एक चमत्कार जगापुढे ठेवला. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पावलांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथून हलत नाही. १७२९ घ्या, रामानुजनच्या गोष्टीतल्या टॅक्सीचा नंबर: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. बरोबर सातवं पाऊल. फार वर्षं आपल्याकडच्या विद्वानांनी कापरेकरांना गमतीजमतीचे मास्तर म्हणून बाजूला ठेवलं. मग १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर गेलं. आता ६१७४ ला सगळं जग ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतं.

ठेल्यावरच्या सगळ्यांनी आपापल्या गाडीच्या नंबरवर करून पाहिलं. ऑटोवाल्याचा आला, दूधवाल्याचा आला, ठेलेवाल्याच्या जुन्या लुनाचाही आला. चारचौघांचे नंबर मुकाट्याने ६१७४ वर पोचले. मग सगळे ७७७७ कडे वळले. पोराने मोठ्या हौसेने मांडलं: उतरता क्रम ७७७७, चढता क्रम ७७७७, वजाबाकी शून्य.

“म्हंजे एवढे पैसे देऊन...” ऑटोवाला म्हणाला आणि पुढचं त्याने खर्‍याबरोबर गिळलं. पोरगा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

तेवढ्यात लग्न येऊन ठेपलं आणि मला आहेराची वही सांभाळायला बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. तिथे बसून मला दिसलं की आपल्या आजोबा-पणजोबांचं मूळ संख्येचं वेड आपल्याहून जुनं होतं. आहेर कधी गोळा रकमेचा देत नाहीत, वर एक रुपया ठेवतात. रक्कम शून्यावर थांबू नये, पुढे नातं चालू राहावं, असं कारण सांगतात. गणिताने पाहिलं तर तो एक रुपया मोठा कारागीर आहे. ४४४००० या संख्येला तब्बल ९६ अवयव आहेत. एक रुपया ठेवताच सगळे पळाले आणि अकोला उभं राहिलं. ११ रुपयांचा आहेर मूळ, १०१ मूळ, १५१ मूळ, २५१ मूळ. २१ आणि ५१ मध्ये तीन लपलेला आहे, पण ते दुधात पाणी असतं तेवढंच. खरा घात महागाईने केला. ५०१ ला तिनाने भाग जातो. १००१ म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. ११०१ ला तीन, २००१ लाही तीन. आहेराचा आकडा वाढला आणि नात्यांना भाग जायला लागला! हा सिद्धांत मी वरपित्यांना ऐकवला. ते म्हणाले, “म्हणजे आपलं म्हणणं, आम्ही २५१ च द्यायला हवे होते?” सिद्धांत तिथेच आटोपता घेतला.

मास्तर पंगतीत शेजारीच होते. मी विचारलं, “सर, सगळ्यात मोठी मूळ संख्या कोणती?” ते म्हणाले, शेवट तिला नाहीच, हे युक्लिड दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून बसला. समज सगळ्या मूळ संख्या तुझ्या वहीत आहेत. त्यांचा गुणाकार कर आणि वर आहेराचा एक रुपया ठेव. वहीतल्या कुणीही भागलं तरी बाकी एकच. म्हणजे वहीत नसलेला कुणीतरी पाव्हना बाहेर उभा आहेच. माणसाला सापडलेली सगळ्यात मोठी विचारशील, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरँटने जाहीर केलेली: दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा एक. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

एवढे अंक म्हणजे किती, हे मला पंगतीत बसून कळेना. मग वांग्याच्या भाजीवर हिशेब मांडला. एक अंक अडीच मिलिमीटरचा धरला तर ओळ १०२ किलोमीटरची होते. म्हणजे अकोल्याच्या आमच्या दारातून सुरू केलेली संख्या अमरावतीला सासऱ्यांच्या अंगणात जाऊन संपेल. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनीजमध्ये नाव गेलं होतं. तो विक्रम या एका संख्येने मोडला असता, फक्त मध्ये कुठे खड्डा पडून चालणार नव्हतं. एक अंक उखडला की मूळपण गेलं.

लग्न पार पडलं. मांडव उतरला, वीज नेहमीसारखी गेली. बायको उरलेल्या पाकिटांचा गठ्ठा आणि विजेचं बिल घेऊन माझ्यासमोर आली.

“अहो, आपला पिन काय लिहिलाय तुम्ही सगळीकडे?”

“४४४००१.”

तिने बिल पुढे केलं. त्यावर आमचा पत्ता होता, घर नंबर, वसाहत, अकोला आणि शेवटी ४४४००५.

मी चष्मा पुसला. पाचच होता. ४४४००१ मोठ्या पोस्टाचा. आमची वसाहत कधीच दुसऱ्या पोस्टाखाली गेलेली, आणि माझा हात मात्र जुन्या सवयीने एकावर थांबत राहिला. चार दुपारी, १२१ भागाकार, कडुनिंबाखाली वाया गेलेलं एवढं ऊन, आणि माझ्या स्वतःच्या घराला पहिलीतलं पोरही पाचाने भाग देऊ शकत होतं. भागाकार आमच्या पाचवीलाच पुजलेला!

“मग इतकी वर्षं आपली पत्रं येतात कशी?” मी दारात आलेल्या पोस्टमनलाच विचारलं.

“तुमी एक लिवा नाईतं पाच लिवा, साहेब,” तो म्हणाला. “घर तं मले मालूम हाय.”

बायको आत जाता जाता म्हणाली, “सतरा वेळा सांगितलं तुम्हाला, बिल आलं की नीट वाचत जा.”

उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात सवयीने अंकांची बेरीज करून बसलो: चार, चार, चार, शून्य, शून्य, पाच. सतरा. तोच, अमरावतीचा धाकटा. मी तोंड मिटलं आणि कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो.